हुकूम हवेतून, बळ पोटातून

कवीने यंत्रावर बोलावे, म्हणजे अत्तरवाल्याने नांगराचा भाव सांगावा, असे कुणाला वाटेल. वाटू द्या. पण आज ज्या वस्तूबद्दल बोलायचे आहे, तिचे नाव जगाला एका नाटकाने दिले आहे. कारेल चापेक हा चेक लेखक. त्याचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० सालचे. पुढच्या वर्षी ते प्राग शहरात रंगमंचावर आले. कारखान्यात तयार झालेली कृत्रिम माणसे या नाटकात राबतात. त्यांना काय म्हणावे असा प्रश्न चापेकला पडला, तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने ‘रोबोट’ हा शब्द सुचवला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ; जमीनदाराच्या शेतावर गरिबाने मोबदल्याविना करायचे सक्तीचे काम. तेव्हा रोबो म्हणजे काय, याचे नेमके मराठी उत्तर ‘यंत्राचा वेठबिगार’ असे देता येईल.

अशाच एका छोट्या वेठबिगाराची ही हकिकत. व्हिडिओ गेमचा बिनतारी कंट्रोलर आपण पाहिलेला असतो. दोन्ही हातांत धरायचा, अंगठ्यांखाली दोन लहान दांड्या, भोवती बटणे. या कंट्रोलरच्या इशाऱ्यावर घरभर फिरणारी चार चाकांची गाडी माझ्या भाचीने हौसेने तयार केली. ती मिरजेत राहते आणि तंत्रनिकेतनात शिकते. माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तेही मराठी विषय घेऊन. त्यामुळे मी प्रश्न विचारत गेलो आणि ती न कंटाळता उत्तरे देत गेली. ज्यांच्या घरात अशी मुले-मुली आहेत आणि फरशीवर पसरलेल्या तारा पाहून ज्यांचा जीव खालीवर होतो, अशा वडीलधाऱ्यांना या माहितीचा उपयोग व्हावा.

आधी एक गैरसमज दूर करू. यंत्र दुरून चालते तेव्हा पुष्कळांना वाटते, की हातातल्या कंट्रोलरमधून काही शक्ती निघते आणि ती चाके फिरवते. तसे नसते. बळ गाडीच्याच पोटात, तिच्या बॅटरीत असते. हवेतून जातो तो फक्त हुकूम. मालक बांधावरून हाक देतो. मोट ओढतात ते बैलच. ही युक्ती निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांना दाखवली. पाण्याच्या हौदात त्याने एक लहान नाव सोडली आणि तारेचा कसलाही संबंध नसताना ती हवी तशी वळवली. बॅटरी, मोटर, सुकाणू सारे नावेतच होते. बाहेरून येत होता तो केवळ संदेश. लोकांना खरे वाटेना. आत एखादे शिकवलेले माकड बसवले असेल, अशीही शंका काहींनी घेतल्याचे सांगतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात टेस्लाला या शोधाचे पेटंट मिळाले. आज आपण ज्याला रिमोट म्हणतो, त्याची ही नाव पणजी लागते.

हा हुकूम वाहून नेणारी लहर म्हणजे रेडिओचीच लहर. माझा आवाज आपल्यापर्यंत आणणाऱ्या लहरीची ती सख्खी बहीण. फरक फक्त कंपनांचा. एफएम रेडिओची लहर सेकंदाला ८ कोटी ८० लाख ते १० कोटी ८० लाख वेळा कंप पावते. गेम कंट्रोलरची लहर सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा. यालाच जाणकार २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. कंपने वाढली की लहर आखूड होते. मिरजेच्या सतारमेकरांना हे वेगळे सांगायला नको. तार आखूड धरली की स्वर चढतो, हा त्यांचा रोजचा अनुभव. एफएमची एक लहर तीन मीटरच्या आसपास लांब असते, तर कंट्रोलरची साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित जास्त. म्हणूनच तिच्यासाठी छपरावर काठी उभारावी लागत नाही. सर्किटच्या पट्टीवर नागमोडी कोरलेली तांब्याची एक रेघ अँटेनाचे काम करते.

लहरींचा हा पट्टा मात्र आठवड्याच्या बाजारासारखा गजबजलेला आहे. घरातले वायफाय याच पट्ट्यात, बिनतारी माऊस याच पट्ट्यात, कानात घालायचे बिनतारी यंत्रही इथेच. भारत सरकारने २००५ साली या पट्ट्यातली कमी शक्तीची साधने परवान्याविना वापरायला मुभा दिली. परवाना नको म्हटल्यावर गर्दी होणारच. मग एवढ्या गलक्यात आपल्या गाडीला आपलाच हुकूम कसा ऐकू येतो? ब्लूटूथची तऱ्हा अशी, की या पट्ट्याच्या ७९ गल्ल्या पाडलेल्या असतात आणि बोलणारा व ऐकणारा दोघे मिळून सेकंदाला १,६०० वेळा गल्ली बदलतात. कोणत्या गल्लीनंतर कोणती, हा क्रम दोघांनाच ठाऊक. एका गल्लीत गोंगाट असला तरी पुढच्याच क्षणी ते दुसरीत गेलेले असतात. ब्लूटूथ या शब्दाचा सरळ अर्थ निळा दात. दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड राजाचे ते टोपणनाव होते.

लहरींवरून उड्या मारण्याच्या कल्पनेमागे एक गोष्ट आहे आणि ती कलावंतांची आहे. दुसऱ्या महायुद्धात रेडिओने चालणारे टॉर्पेडो शत्रूने वाटेतच बहकवू नयेत, यासाठी हेडी लमार ही हॉलिवूडची प्रसिद्ध नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार या दोघांनी मिळून एक योजना आखली. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोके पाडलेली कागदाची गुंडाळी असते. तशीच एकसारखी गुंडाळी बोटीवर आणि टॉर्पेडोतही फिरत राहावी आणि दोघांनी एकाच वेळी लहर बदलावी, अशी ती योजना. लहरी किती? पियानोच्या पट्ट्या असतात तितक्याच, ८८. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. अमेरिकी आरमाराने त्या युद्धात ते वापरले नाही; पण आज आपल्या खिशातली यंत्रे त्याच जातीच्या उड्या मारत असतात.

आता कंट्रोलर उघडून पाहू. अंगठ्याखालच्या दांडीच्या बुडाशी दोन छोट्या खुंट्या असतात. जुन्या रेडिओचा आवाज लहान-मोठा करायची जी खुंटी असे, तिचीच ही नातवंडे. एक खुंटी दांडीचे पुढे-मागे होणे मोजते, दुसरी डावे-उजवे. मोजलेले माप आकड्यात बदलते. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये हा आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. दांडी मोकळी सोडली की साधारण १२८, एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला २५५. हा २५५ आकडा कुठून आला? आठ दिवे ओळीने ठेवा. प्रत्येक दिवा एक तर पेटलेला असेल, नाही तर विझलेला. असे सगळे मिळून २५६ प्रकार होतात. शून्यापासून मोजले, की शेवटचा २५५. म्हणजे आपण अंगठा हलवतो, पण हवेतून जातात ते आकडे. अंगठ्याचे हे आकड्यांत केलेले भाषांतरच म्हणायचे.

भाषांतर समजायला गाडीत कुणीतरी हवे. तो तिचा मेंदू. भाचीने ईएसपी३२ नावाची चिप असलेली पट्टी वापरली. शांघायच्या एका कंपनीने ही चिप २०१६ साली बाजारात आणली. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही तिच्या अंगातच असल्यामुळे वेगळे रेडिओयंत्र जोडावे लागत नाही. एक गोष्ट मात्र खरेदी करताना लक्षात ठेवावी. या चिपच्या काही नव्या भावंडांत जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ नाही आणि गेमचे बरेच कंट्रोलर तीच जुनी बोली बोलतात. म्हणून दुकानात मूळ ईएसपी३२ मागावी. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड या ठिकाणी असले सगळे सामान मिळते. भाचीकडे कंट्रोलर जुना, घरातलाच होता. बाकीचे सामान दोन हजारांच्या आत बसले.

मेंदूला अक्कल असते, पण अंगात बळ नसते. चिपच्या एका पायातून निघणारी वीज एखादा लहानसा दिवा लावण्यापुरती. मोटरला त्याच्या कितीतरी पट जास्त लागते. म्हणून मध्ये एक मुकादम नेमावा लागतो. त्याला मोटर ड्रायव्हर म्हणतात. एल२९८एन हा त्यातला सर्वांच्या ओळखीचा. मोटर उलट फिरवायची तर तिच्या दोन टोकांना मिळणाऱ्या विजेची दिशा बदलावी लागते. मुकादमाच्या पोटात त्यासाठी चार बटणे असतात. इंग्रजी एच अक्षराच्या चार टोकांना चार बटणे आणि मधल्या आडव्या रेघेवर मोटर, अशी कल्पना करा. डावीकडचे वरचे आणि उजवीकडचे खालचे बटण दाबले, की वीज मोटरमधून डावीकडून उजवीकडे जाते. दुसरी तिरकी जोडी दाबली, की उजवीकडून डावीकडे. चाक सुलटे किंवा उलटे फिरते ते एवढ्यावर.

आणि वेग? वेगासाठी वीज कमी-जास्त करत नाहीत, ती भराभर चालू-बंद करतात. सेकंदात हजार वेळा चालू-बंद केली आणि त्यातला निम्मा वेळ ती चालू राहिली, तर मोटरला सरासरी निम्मे बळ मिळते. पाऊण वेळ चालू, तर पाऊण बळ. मोटर जड असल्याने तिला मधल्या खंडांचा पत्ताच लागत नाही. मोटरच्या पुढे दातेरी चाकांची पेटी असते. मोटर फार जोरात फिरते पण तिला ओढ कमी. ही पेटी फेरे घटवून ओढ वाढवते. चढावर सायकलचा गिअर बदलतात, तोच हा हिशेब.

बॅटरीच्या बाबतीत हयगय नको. लिथियमचे दोन सेल एकापुढे एक जोडले, की पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट मिळतात. त्यातले दोनेक व्होल्ट हा मुकादमच खातो आणि उरलेले मोटरला पुरतात. लिथियमच्या सेलची दोन टोके चुकून एकमेकांना भिडली, तर तार लाल होते आणि सेल पेटूही शकतो. म्हणून संरक्षक सर्किट, मुख्य बटण आणि सेलला साजेसाच चार्जर या तीन गोष्टींत काटकसर करू नये. मोटर सुरू होतानाच्या क्षणी नेहमीपेक्षा खूप जास्त वीज खेचते. बॅटरी दुबळी असेल तर त्या झटक्याने मेंदूला भोवळ येते आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. गाडी दर वेळी निघताना अडखळली, तर आधी बॅटरीकडे पाहावे, मग प्रोग्रॅमकडे. आणखी एक. मेंदू आणि मुकादम यांच्या ऋण तारा एकत्र जोडलेल्या हव्यात. दोन डोंगरांची उंची ताडून पाहायची तर दोन्ही एकाच समुद्रसपाटीपासून मोजावी लागते. शून्य कुठे, यावर एकमत नसेल तर पुढचे सगळे बोलणे व्यर्थ.

आता गाडी वळते कशी ते पाहू. हिला सुकाणू नाही. आपल्या खेड्यातल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही, कारण बैलगाडीलाही ते नसते. उजवीकडे वळायचे तर उजव्या बैलाला आवरतात आणि डाव्याला हाकतात. इथेही तेच. दांडी पुढे किती ढकलली त्यावरून वेगाचा आकडा मिळतो, बाजूला किती झुकवली त्यावरून वळणाचा. डाव्या चाकांना वेग अधिक वळण, उजव्या चाकांना वेग उणे वळण. समजा वेग १०० आणि वळण ४०; तर डावी चाके १४० ने आणि उजवी ६० ने फिरतील आणि गाडी उजवीकडे वळेल. वेग शून्य आणि वळण ४० असेल, तर एक बाजू पुढे, दुसरी मागे, आणि गाडी जागच्या जागी गिरकी घेईल. एक बेरीज आणि एक वजाबाकी. शाळेत ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या पोराला हे उत्तर दाखवावे.

दांडी मोकळी सोडली तरी ती नेमकी १२८ वर येतेच असे नाही. कधी १२४, कधी १३१. त्यामुळे कुणी हात न लावता गाडी हळूहळू सरकू लागते. त्यावर उपाय असा, की मधल्या आकड्याच्या दहा अलीकडे आणि दहा पलीकडे जे काही येईल ते शून्यच समजावे, असे मेंदूला सांगून ठेवायचे. माणसाच्या हाताचा कंप हा हुकूम नव्हे, हे यंत्राला शिकवावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडी पूर्ण वेगाने चालली आहे आणि त्याच वेळी कंट्रोलरची बॅटरी संपली, तर काय होईल? आपल्याला वाटते, ती थांबेल. पण मेंदूच्या लेखी शेवटचा हुकूम ‘पळ’ असाच होता. दुसरा हुकूम आला नाही, म्हणून ती पळतच राहील; भिंतीपर्यंत, जिन्यापर्यंत, रांगणाऱ्या मुलाच्या बोटांपर्यंत. हुकूम पाळणारा जितका इमानी, तितका हा धोका मोठा. म्हणून प्रोग्रॅममध्ये एक घड्याळ ठेवतात. प्रत्येक निरोप आला की वेळेची नोंद करायची आणि अर्धा सेकंद उलटूनही नवा निरोप आला नाही, तर सगळी चाके शून्यावर आणायची. प्लेस्टेशनचा कंट्रोलर दांडी स्थिर धरली तरी सतत निरोप धाडत असतो, त्यामुळे हे घड्याळ त्याच्याशी चांगले जुळते. भाचीने पहिली चाचणी गाडी विटेवर ठेवून, चाके अधांतरी सोडून घेतली. चाके भरधाव फिरत असताना तिने कंट्रोलर बंद केला आणि ती थांबेपर्यंत मनात मोजत राहिली. मी विचारले, ‘‘अगं, अजून ती जमिनीवर चाललीसुद्धा नाही.’’ ती म्हणाली, ‘‘मामू, आधी थांबायला शिकवायचं, चालायला मग.’’

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. ते केवळ खेळण्यापुरते नाही. पुण्यात २००८ आणि २०१४ साली आशिया-पॅसिफिक देशांच्या विद्यार्थ्यांची रोबोकॉन स्पर्धा भरली होती. असल्या स्पर्धांतली मुले जे शिकतात, तेच मोठ्या यंत्रांच्या कामी येते. अमेरिकी आरमाराची ‘कोलोरॅडो’ ही पाणबुडी २०१८ साली सेवेत आली. तिची पेरिस्कोपची यंत्रणा गेमच्या साध्या कंट्रोलरने फिरवतात, कारण भरती होणाऱ्या तरुणांच्या अंगठ्यांना ती सवय आधीपासूनच असते. पुण्यातल्याच डीआरडीओच्या प्रयोगशाळेने ‘दक्ष’ हे दुरून चालवायचे वाहन तयार केले आणि २०११ साली ते लष्कराच्या हाती आले. ते जिना चढते, संशयित वस्तूचे क्ष-किरणांनी आतले चित्र काढते आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बॉम्ब निकामी करते. जवान लांब आडोशाला असतो. आत काय असते? चाके, मोटर, बॅटरी, मेंदू आणि हवेतून येणारा हुकूम. फरशीवरच्या त्या गाडीचे हे थोरले भावंड.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. केरळातल्या तरुण अभियंत्यांनी भूमिगत गटारे साफ करणारा रोबो तयार केला आणि २०१८ साली तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. त्याचे नाव बँडिकूट, म्हणजे आपली घूस. कामगार रस्त्यावर पडद्यापुढे उभा राहतो. घूस मॅनहोलमध्ये उतरते. आपल्या देशात हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा आहे. गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. तरीही मॅनहोलमध्ये गुदमरून माणसे गेल्याच्या बातम्या येतच असतात. तिथे उतरणाऱ्याला कुणी विचारलेले नसते, जायचे का म्हणून. वेठ या शब्दाचा अर्थ कोशात शोधायला नको; तो रस्त्याच्या मधोमध, झाकण काढलेल्या त्या भोकाशी उभा असतो.

यंत्राने माणसाचे काम हिरावू नये, ही चिंता रास्त आहे आणि मीही ती करतो. पण प्रत्येक काम माणसाच्या अंगावर शोभतेच असे नाही. काही कामे अशी आहेत, की जिथे माणसाची अक्कल आणि हात हवेत, पण त्याची छाती आणि श्वास तिथे नेण्याची गरज नाही. हात इथे आणि धोका तिथे, या दोहोंमध्ये सुरक्षित अंतर ठेवणे, हेच या साऱ्या खटाटोपाचे सार. शिवाय त्या कामगाराच्या हाती कंट्रोलर आला, तर त्याची रोजी जात नाही. बदलते ते त्याचे ठिकाण. तो खड्ड्यातून वर येतो.

तेव्हा घरातल्या कपाटात जुना गेम कंट्रोलर धूळ खात पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका. मुलीने मागितला तर मुलीला द्या, मुलाने मागितला तर मुलाला. तारा पसरल्या तर पसरू द्या; पुन्हा गोळा करता येतात. फक्त बॅटरीवर लक्ष ठेवा आणि गाडी पूर्ण झाली, की एकच प्रश्न विचारा. ‘पळते का?’ असे विचारू नका. पळणार तर ती आहेच. विचारा, ‘माझा आवाज तुटला, तर ही थांबते का?’